बाबांचा पंचा, कांचनजंगा आणि शहीद द्वीप

बाबांनी तेहतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. वली पर्वत शिकवायचा दिवस आला की ते घरून पांढरा सुती पंचा घेऊन जायचे. टेबलावर तो सपाट अंथरायचा, दोन्ही कडांना तळहात टेकायचे आणि हात सावकाश एकमेकांकडे सरकवायचे. मधला पंचा उचलला जायचा, त्याला वळ्या पडायच्या. "हा हिमालय," बाबा म्हणायचे, "आणि हे हात अजून थांबलेले नाहीत." मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे हे मी घरी आणि शाळेत दोन्हीकडे पाहिलंय. तेहतीस वर्षांत किमान हजारभर मुलांना त्यांनी हिमालय दाखवला असेल. स्वतः मात्र पाहिला नव्हता. कधी पेपर तपासणी, कधी निवडणुकीची ड्युटी, कधी आजीचं आजारपण. या वर्षी बाबा एकाहत्तर वर्षांचे झाले आणि मी ठरवलं की या मे महिन्यात काहीही झालं तरी जायचंच.

आईला समुद्र हवा होता. आमच्या घरात आईला काय हवंय हे फारसं कुणी विचारत नाही आणि ती सांगतही नाही, पण या वेळी तिने सरळ सांगितलं, "मला निळं पाणी बघायचंय. फोटोत असतं तसं, तळ दिसणारं." अकरा वर्षांच्या लेकीला दोन्ही हवं होतं. म्हणून दोन्ही ठरलं: आधी दार्जिलिंग, मग अंदमान.

ऐकणाऱ्या प्रत्येकाने म्हटलं की हे दोन टोकांचे बेत आहेत, एकच काहीतरी धरा. नकाशा उघडून पाहिलं तर तसं नाही. दार्जिलिंगच्या पायथ्याच्या बागडोगरा विमानतळावरून कोलकाता आणि कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर. मधे एक रात्र कोलकात्यात काढली की झालं. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, पण बोलताना सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात, मीही तेच लिहिते.

क्रमाचा मात्र नीट विचार केला. डोंगर आधी, समुद्र नंतर. बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे चढउताराचे दिवस ताजेतवाने असताना उरकावेत आणि मग वाळूत पाय पसरून बसावं. दुसरं म्हणजे, ज्यांना स्कूबा करायचं असतं त्यांनी तर हाच क्रम ठेवावा. एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा नियम आहे. पाण्यातून निघून लगेच उंचीवर जाणं शरीराला घातक ठरू शकतं. आणि तिसरं, अंदमानात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस पोचतो. आम्ही पहिल्याच आठवड्यात निघालो, म्हणजे बेटांवर पोचेपर्यंत पाऊस दारात असणार होता, पण घरात शिरलेला नसणार होता. तेवढी जोखीम घेतली.

ज्या एजंटकडे बुकिंग केलं त्याने दहा दिवसांत दार्जिलिंग, गंगटोक, पेलिंग, शिवाय अंदमानातली तीन बेटं असा कार्यक्रम दिला होता. कागदावर तो छान दिसत होता. मी त्यातली निम्मी ठिकाणं कापली. चार रात्री दार्जिलिंग, एक कोलकाता, सहा अंदमान. तो नाराज झाला, पण रोज बॅग भरायची आणि रोज बॅग उघडायची यात आईबाबांचं काय झालं असतं ते मला दिसत होतं.

बागडोगरा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटरवर आहे आणि दार्जिलिंग दोन हजारांच्या वर. वर चढताना बाबांनी लेकीला गणित घातलं: दर हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं, तर वर किती असेल? ती म्हणाली बारा-साडेबारा अंशांनी कमी. कर्सियांगला गाडी थांबली, तिने काच खाली केली आणि हात बाहेर काढून म्हणाली, "आजोबा, बरोबर येतंय." रस्त्याला लागूनच छोट्या गाडीचे रूळ धावत असतात. कधी उजवीकडे, कधी डावीकडे, कधी मधूनच रस्ता ओलांडतात. दोन रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट.

पहिले दोन दिवस कांचनजंगा दिसलीच नाही. मे महिन्यात हे होतं. पावसाआधीची धूळ आणि धुरकट हवा खालच्या मैदानातून वर चढते आणि उत्तरेकडची बाजू दुधाळ होऊन जाते. आम्ही टायगर हिललाही गेलो. पहाटे तीनला उठलो, साडेतीनला गाडीत, वर शेकडो माणसं, आणि समोर राखाडी भिंत. सूर्य उगवला तेव्हा तो कुठल्या दिशेला आहे एवढंच कळलं. बाबा काही बोलले नाहीत. लोकरीची टोपी काढून त्यांनी हातात घेतली आणि बराच वेळ त्या राखाडीकडे पाहत राहिले. परतीच्या गाडीत लेकीने माझा हात धरला आणि कानात विचारलं, "नाही दिसलं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवशी दुपारी आम्ही हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. एव्हरेस्ट सर झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, ही संस्था सुरू झाली आणि तेनसिंग नोर्गे तिथले प्रशिक्षण प्रमुख झाले. त्यांची समाधीही त्याच आवारात आहे. बाबा ज्या गोष्टीपाशी रेंगाळले ती मात्र कांचनजंगेची होती. २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे दोघे पहिल्यांदा शिखरापाशी पोचले आणि माथ्याच्या काही फूट खाली थांबले. हा पर्वत सिक्कीमच्या लोकांना पवित्र आहे, माथ्यावर पाय ठेवणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता. त्यांच्यानंतरही अनेकांनी तो शब्द पाळला. ८,५८६ मीटर उंचीचा, जगातला तिसरा डोंगर, आणि शेवटची काही पावलं तशीच सोडून दिलेली. बाबा म्हणाले, "इतकी वर्षं मी उंची पाठ करून घेतली मुलांकडून. हे सांगायला हवं होतं."

तिसऱ्या दिवशी वाफेच्या गाडीने घूमपर्यंत जाऊन आलो. १८८१ मध्ये ही गाडी दार्जिलिंगपर्यंत पोचली आणि १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. घूम स्थानक २,२५८ मीटरवर, भारतातलं सर्वात उंच. बतासिया लूपमध्ये गाडी स्वतःभोवती गिरकी घेते, त्याचे फोटो सगळीकडे असतात. मला जे लक्षात राहिलंय ते वेगळं आहे. इंजिनाच्या अगदी पुढे, बफरच्या वर, दोन माणसं बसलेली असतात. चढाला चाकं घसरायला लागली की ते मुठीने रुळावर वाळू सोडतात. थोडी उजवीकडच्या रुळावर, थोडी डावीकडच्या. यंत्राच्या आवाजावरून त्यांना कळतं केव्हा टाकायची. रूळ दवाने ओले होते. वाळू पडली की चाकाखाली करकर आवाज यायचा आणि इंजिन पुन्हा ओढ घ्यायचं. त्यातल्या वयस्कर माणसाच्या बोटांच्या पेरांमध्ये वाळू कायमची बसलेली दिसत होती. लेक स्टेशनवर उतरून त्याच्या शेजारी उभी राहिली, तेव्हा त्याने चिमूटभर वाळू तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती रुमालाच्या टोकात बांधून घेतली. अकरा वर्षांच्या मुलीने काय जपून ठेवावं हे आपण ठरवू नये, म्हणून मीही काही बोलले नाही.

त्या रात्री जोरात पाऊस आला. पत्र्यावर इतका आवाज होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. पहाटे पावणेपाचच्या सुमारास बाबांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं. ते आधीच स्वेटर घालून तयार होते. आम्ही चौघं चौरस्त्याच्या मागे ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालणाऱ्या वाटेवर गेलो. ती वाट जवळजवळ सपाट आहे, गुडघ्याला त्रास नाही. रेलिंगपाशी उभं राहून उत्तरेकडे पाहिलं. दरीत ढग, त्यावर निळसर डोंगररांगा, त्यावर पुन्हा ढग. नाहीच, असं मला वाटलं. शेजारी एक आजी जपमाळ ओढत चालल्या होत्या. त्या थांबल्या, आमच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता हात वर केला. आणखी वर बघा, असं.

आम्ही सगळे फार खाली शोधत होतो. ढगांच्या वरच्या पट्ट्याच्याही वर, जिथे आपण आकाश समजतो तिथे, ती होती. आधी गुलाबी नाही, राखेसारखी. मग टोकाला रंग लागला आणि तो रंग खाली उतरत गेला. सरळ रेषेत ती तिथून सुमारे पंचाहत्तर किलोमीटर आहे, पण अंतराचा काही अर्थच उरला नव्हता. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वीस-पंचवीस मिनिटांत धुकं वर आलं आणि सगळं झाकलं गेलं.

हॉटेलवर आल्यावर बाबांनी बॅगेतून पंचा काढला. तो त्यांनी आणला होता, मला माहीतही नव्हतं. पलंगावर पसरला, आणि लेकीला तळहात टेकायला लावले. "हा आपला भूपट्ट. हा दक्षिणेकडून आला. पलीकडे आशिया. मधे समुद्र होता, टेथिस. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी दोघं एकमेकांना भिडले आणि समुद्राच्या तळाचा गाळ वर उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावर चुनखडक आहे, त्यात समुद्री जिवांचे अवशेष सापडतात." लेकीने हात सरकवले, पंचा उचलला गेला. मग तिने विचारलं, "आणि पंचाच्या या बाजूला काय होतं, आजोबा? ही जी कड पलंगाखाली लोंबतेय?" ती पूर्वेकडची कड होती. बाबा थोडे थांबले आणि म्हणाले, "ते तुला पुढच्या आठवड्यात दाखवतो."

खाली उतरताना बाबांच्या आग्रहावरून आम्ही लांबचा रस्ता घेतला, पेशोकवरून तीस्ता बाजारकडे उतरणारा. दोन्ही बाजूंना चहाचे मळे. मे-जून हा दुसऱ्या बहराचा काळ, पाठीला टोपल्या लावलेल्या बायका दोन पानं आणि एक कळी खुडत होत्या, आणि त्यांचे हात इतके भराभर चालत होते की खुडण्याचा तेवढा टकटक आवाज कानावर येत होता. एका वळणावर तीस्ता आणि रंगीत या नद्यांचा संगम वरून दिसतो. एकीचं पाणी हिरवट, दुसरीचं मातकट, आणि दोन्ही रंग थोडा वेळ शेजारी शेजारी वाहतात. काठावर राखाडी गाळाचे ढीग होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं सरोवर फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं आणि तो सगळा लोंढा या नदीतून खाली आला. गाळाने नदीचं पात्रच वर आलंय, असं चालक सांगत होता. नदीकडेच्या घरांच्या भिंतींवर त्याने बोट दाखवलं. आम्ही गप्प होतो. बाबा एवढंच म्हणाले की ही माती बांगलादेशात ब्रह्मपुत्रेला मिळेल आणि मग समुद्रात जाईल.

कोलकाता ते पोर्ट ब्लेअर सुमारे तेराशे किलोमीटर आहे, सव्वादोन तासांचं विमान. खिडकी बाबांना दिली. खाली नुसतं पाणी. पण बाबांना पाण्याखालचं दिसत होतं. गंगा आणि ब्रह्मपुत्रेने हिमालयातून आणलेला गाळ बंगालच्या उपसागराच्या तळावर पंख्यासारखा पसरलाय, सुमारे तीन हजार किलोमीटर लांब. जगात एवढा मोठा पाण्याखालचा गाळाचा पंखा दुसरा नाही. "आपण हिमालयावरूनच उडतोय," बाबा म्हणाले, "फक्त तो आता आडवा झालाय."

पोर्ट ब्लेअरला विमानाचं दार उघडलं आणि दमट, उबदार हवा अंगावर आली. लोकरी कपडे पिशवीच्या तळाशी गेले ते गेलेच. घड्याळ तेच आणि सूर्य मात्र वेगळा, याची सवय व्हायला एक दिवस लागतो. पहाटे पाचला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी सहाला अंधार. जे काही करायचं ते सकाळी लवकर करा, हे मी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या मूळ सात शाखांपैकी तीन उरल्यात. प्रत्येक शाखेच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या शाखेच्या पाठीकडे, म्हणजे कुणाला कुणाचा चेहरा दिसू नये. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, त्यांचे थोरले बंधू बाबारावही. कोठडीत उभं राहिल्यावर हाताने दोन्ही भिंतींना स्पर्श करता येत नाही, पण चार पावलांत संपते. वर एक छोटा झरोका. बाहेर एवढा मोठा समुद्र आणि आत त्याचा फक्त आवाज. आई तिथे फार वेळ थांबली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आता लगेच किनाऱ्यावर नको जायला." आम्ही नाही गेलो. त्या दिवशी फक्त खोलीच्या गच्चीत बसून राहिलो.

मग फेरीने शहीद द्वीप. जुनं नाव नील बेट, ३० डिसेंबर २०१८ ला बदललं. त्याच दिवशी हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. बेट एवढंसं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच किलोमीटरच्या आसपास. आम्ही इथे तीन रात्री राहिलो आणि पूर्ण सहलीतला माझा सर्वात चांगला निर्णय तोच. घाई नाही, तिकिटं नाहीत, एका किनाऱ्यावर सूर्य उगवतो आणि दुसऱ्या किनाऱ्यावर मावळतो.

भरतपूरचा किनारा उथळ आहे. ओहोटीला बरंच आत चालत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. आई आयुष्यात कधी घोट्याच्या पुढे पाण्यात गेली नव्हती. पहिल्या दिवशी ती काठावर चपला हातात घेऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी लेकीने तिचा हात धरला आणि दोघी हळूहळू आत गेल्या. मी मागून पाहत होते. आईने साडी नाही, माझा जुना सलवार-कुर्ता घातला होता. पाणी कमरेला आलं तेव्हा ती थांबली आणि खाली बघत म्हणाली, "माझे पाय दिसतायत. नखंसुद्धा." एक पिवळ्या पट्ट्यांचा मासा तिच्या घोट्यापाशी आला आणि ती अजिबात हलली नाही, श्वासही रोखून धरला होता. मग तो गेला आणि ती इतकी मोठ्याने हसली की किनाऱ्यावरचे लोक वळून पाहू लागले. आईचं असं हसणं मी याआधी कधी ऐकलं होतं ते मला आठवत नाही.

लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथे भर ओहोटीलाच जायचं, नाहीतर वाट पाण्याखाली असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर पाणी आणखी मागे हटतं आणि आणखी मोठा तळ उघडा पडतो. आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घेतल्या आणि सकाळी निघालो. दगड निसरडे होते, म्हणून बाबांना एका स्थानिक मुलाने हाताला धरून नेलं. खळग्यांमध्ये साचलेल्या पाण्यात एक अख्खं जग चालू होतं. काळी, जाडजूड समुद्री काकडी. कवच उघडून बसलेला मोठा शिंपला, ज्याची आतली कड निळी आणि मखमलीसारखी. त्या मुलाने पाण्यावर नुसती सावली धरली आणि शिंपला झटकन मिटला. त्याने सांगितलं, कशावरही पाय देऊ नका, जिथे वाळू दिसते तिथेच ठेवा. जे दगड वाटतं ते बऱ्याचदा जिवंत असतं. लेकीला एक पांढरीशुभ्र शाखा सापडली, मेलेल्या प्रवाळाची. तिने ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि परत तिथेच ठेवली. प्रवाळ इथून नेता येत नाही, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. पण तिने ठेवली ती कायद्यासाठी नाही. म्हणाली, "हिची वाळू व्हायचीय अजून." प्रवाळ आणि शिंपले झिजूनच इथली पांढरी वाळू तयार होते, हे आदल्या दिवशी आजोबांनी सांगितलं होतं. मग तिने रुमालाची गाठ सोडली आणि दार्जिलिंगची करडी वाळू तळहातावर या पांढऱ्या वाळूशेजारी धरली. दोन्ही सारख्याच ओल्या झाल्या. करडी तिने पुन्हा बांधून ठेवली.

पाचव्या दिवशी पोर्ट ब्लेअरला परतलो. सहाव्या दिवशी स्वराज द्वीपला जाऊन राधानगरचा किनारा पाहायचा होता. सकाळी जेटीवर गेलो तर समुद्र खवळलेला, फेऱ्या बंद. तिकिटाचे पैसे परत मिळायलाही बराच त्रास झाला, पण ते जाऊ दे. लेकीचा चेहरा पडला. मीही हिरमुसले, खोटं कशाला सांगू, तो किनारा मला फार पाहायचा होता. चालकाने विचारलं की दुसरीकडे कुठे नेऊ. बाबा म्हणाले, "शहराजवळ एक किनारा आहे ना, कॉर्बिन्स कोव्ह? तिथे खडक आहेत."

वाटेत चालकाने थोडं वळण घेऊन सिपीघाट दाखवलं. रस्त्याच्या कडेला पाण्याचा विस्तीर्ण पट्टा. इथे भातशेती होती, तो म्हणाला. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इकडची जमीन खाली बसली, समुद्राचं पाणी शेतात शिरलं आणि परत गेलंच नाही. त्याच भूकंपात उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र जमीन मीटरभर वर आली आणि पाण्याखालचे प्रवाळ उघड्यावर पडून मेले. एकाच सकाळी एक कड वर, दुसरी खाली. बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि उतरून त्या पाण्याकडे हात जोडले. का ते मी विचारलं नाही.

कॉर्बिन्स कोव्हला पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि पाऊस थांबला होता. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, त्यामुळे जीवरक्षक जिथे सांगतात तिथेच पाण्यात उतरायचं, हे आधीच कळलं होतं. आम्हाला पाण्यात जायचंही नव्हतं. किनाऱ्याच्या कडेला खडक उघडे पडले होते. एकावर एक थर, पण आडवे नाहीत, तिरपे कलंडलेले, जणू पुस्तकांची रांग एका बाजूला झुकलीय. जाड थर वालुकाश्माचा, त्यावर बोटभर पातळ, काळपट, चिखलापासून झालेला. परत जाड, परत पातळ. पातळ थर नखाने खरवडला तर भुगा होत होता. जाड थरावर हात फिरवला तर तळव्याला बारीक रवा लागत होता.

बाबांनी खांद्यावरचा पंचा काढला, एका कोरड्या दगडावर अंथरला आणि लेकीला बोलावलं. "तू विचारलं होतंस ना, या कडेला काय होतं? वर हिमालयात दोघं समोरासमोर भिडले. इथे पूर्वेला आपला भूपट्ट दुसऱ्याच्या खाली घुसतोय. घुसताना समुद्रतळावरचा गाळ वरच्या काठाला खरवडला जातो, चेमटतो, कलंडतो आणि वर येतो. म्यानमारमध्ये आराकान योमा डोंगर आहेत, ते तसेच समुद्रात उतरतात, आणि त्यांची शिखरं पाण्याबाहेर राहतात. ती शिखरं म्हणजे ही बेटं. पुढे सुमात्रापर्यंत हीच रांग. आणि जो भाग खाली खोल जातो त्याच्यावरचा खडक वितळून लाव्हा वर येतो. इथून पूर्वेला बॅरन बेट आहे ना, दक्षिण आशियातला एकमेव जिवंत ज्वालामुखी, तो त्यातलाच."

लेक म्हणाली, "म्हणजे आपण डोंगरावरच राहत होतो इथे? चार दिवस?"

"डोंगराच्या माथ्यावर."

तिने पंचाची लोंबणारी कड उचलून पाहिली आणि मग खडकाला हात लावला. बाबा तिच्या मागे उभे राहिले आणि फळ्यावर लिहिताना धरायचे तसं बोट उंच धरून थर मोजायला लागले. वाळू. चिखल. वाळू. चिखल. थरांची प्रत्येक जोडी म्हणजे समुद्राच्या तळावर उतरलेला गाळाचा एक लोट, आधी जड वाळू खाली बसते, मग हलका चिखल. तिने मोजणं आपल्याकडे घेतलं. बावीसपर्यंत आली. तोवर भरती सुरू झाली होती आणि पाणी त्यांच्या घोट्यांशी यायला लागलं होतं. आईने काठावरून हाक मारली, "अहो, पाणी वाढतंय, या आता."

बाबांनी मागे न वळता हात वर केला. "आलोच. तीनच थर राहिलेत."